गॅलरीखालचे सव्वीस दिवस

सोसायटीचा माळी काल सकाळी दाराशी कडुनिंबाची डहाळी ठेवून गेला. पाडवा जवळ आला की तो खालच्या झाडाच्या चार फांद्या उतरवतो आणि प्रत्येक दाराशी एकेक डहाळी ठेवतो. बेल वाजवत नाही. यंदा आमच्याकडे गुढी नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसणार. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. मी डहाळी आत आणली, कुठं ठेवावी ते सुचेना म्हणून ओट्यावर ठेवली. आज दुसरा दिवस. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तो वास येतो, आणि माझा हात आपोआप कुणाच्या तरी कपाळाकडे जाऊ पाहतो, ताप बघायला. घरात आता कपाळ माझं एकटीचं आहे.

कडुनिंबाचा वास इतरांना पाडव्याचा वाटतो. मला तो कांजिण्यांचा वाटतो. चैत्राच्या तोंडाशी, झाडांना कोवळी तांबूस पालवी आली की मला अंग खाजल्यासारखं होतं. या वयात हे कोणाला सांगण्यासारखं नाही. माधवला सांगितलं असतं तर तो हसला असता.

माधव म्हणजे माझा नवरा. गेल्या कार्तिकात गेला. संसाराच्या सगळ्या वर्षांत मी त्याला नावानं हाक मारली नाही. 'अहो'नं काम भागत होतं. त्याचं नाव लिहायला लागले ती तो गेल्यावर. या कार्यालयाचा फॉर्म, त्या कार्यालयाचा अर्ज, प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. हात सरावला. आता कागदावर मी त्याला एकेरीही करून टाकलं आहे. त्याची हरकत असली तरी कळायला मार्ग नाही.

तर तो चैत्र. आम्ही कोथरूडला नवे होतो. बसचा शेवटचा थांबा सोसायटीच्या अलीकडेच होता आणि पलीकडे शेतं होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक लांबट गॅलरी. मुग्धा सात वर्षांची, दुसरीत. निनाद चार वर्षांचा. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, पाठीवर आकडे लिहायचे आणि मुलांना 'हळू बोला' म्हणायचं, हे माझं काम आणि हाच माझा स्वभाव. घरीही मी फार बोलायची नाही. संध्याकाळी मुलं झोपली की मी एका खुर्चीत पुस्तक घेऊन बसायची, माधव दुसऱ्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन. आमचं छान चाललं आहे, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी निनादच्या पोटावर तीन पुटकुळ्या दिसल्या. दुपारी अकरा झाल्या. आमचे डॉक्टर घरी आले, त्याचा सदरा वर करून त्यांनी "कांजिण्या" म्हटलं आणि लगेच आम्हा मोठ्यांकडे वळले.

"तुम्हाला येऊन गेल्यात?"

माझ्या भुवईवर वण होता. तो मी दाखवला.

"आणि साहेबांना?"

माधवला माहीत नव्हतं.

"मुलीला येऊ दे," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी आलेल्या बऱ्या. मोठ्या माणसाला मात्र जड जातात. नक्की माहीत नसेल तर तुम्ही इथं थांबू नका."

हे त्यांनी सांगायला नको होतं, इतकं आम्हाला ठाऊक होतं. माधवच्याच ऑफिसात, त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आदल्या वर्षी कांजिण्या आल्या होत्या. त्यातून न्यूमोनिया झाला. महिनाभर तो इस्पितळात होता आणि परत आला तेव्हा टेबलं धरत धरत चालत होता. माधव त्याला भेटून आला त्या दिवशी जेवला नव्हता.

माधवला कांजिण्या येऊन गेल्या की नाही, हे जगात एकाच माणसाला माहीत असणार होतं. तो दोन वर्षांचा असताना त्याची आई गेली. त्याला वाढवलं इंदूआत्यानं, त्याच्या वडिलांच्या बहिणीनं. नारायण पेठेत एका बाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्यांत ती एकटी राहायची. आत्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. जंतू कसे पसरतात, लस कशी काम करते, हे तिनं तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. माधव चार कपडे घेऊन त्याच संध्याकाळी तिच्याकडे राहायला गेला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आमच्या गॅलरीखाली येऊन उभा राहिला.

"आत्याला विचारलंत?" मी वरून म्हणाले.

"विचारलं. म्हणाली, असलं विचारायचं नसतं. कांजिण्या म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाई येतात आणि जातात. त्यांचं नाव काढलं की परत फिरतात."

"शास्त्र शिकवायच्या ना त्या?"

"ते शाळेत."

"म्हणजे तुम्हाला आल्या नव्हत्या?"

"आल्या असत्या तर सांगितलं असतं की."

झालं. दोन पदवीधर माणसांनी एका बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असा लावला. ज्या घरात आजाराचं नाव काढत नाहीत, त्या घरात तो होऊन गेल्याचंही कोणी बोलत नाही, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा वर निनाद हातातले मोजे काढून पाठ भिंतीला घासत होता, आणि मला आत पळायचं होतं.

मोजे हातात, हो. खाजवू नये म्हणून मी त्याच्या दोन्ही हातांत माधवचे मोजे घातले होते. ते कोपरापर्यंत यायचे. खाजवण्याबद्दल त्याची दिवसभर माझ्याशी बोलणी चालायची. "फक्त एक खाजवू?" "नाही." "अर्धी?" "नाही." "मग तू खाजव. तुला तर येऊन गेल्यात." मुग्धा त्याच्या पुटकुळ्या मोजून गणिताच्या वहीत लिहून ठेवायची. पाठ इतक्या, पोट इतक्या, वाढ इतकी. वार्षिक परीक्षा जवळ आली होती आणि घरात हातच्याची बेरीज करायला इतकं साहित्य तिला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. तिला त्याचा हेवाही वाटत होता. त्याला दिवसभर गोष्टी वाचून दाखवत होते, तिला मात्र नुसती शाळेला सुट्टी, आणि ती धडधाकट. एकदा दुपारी ती त्याच्या पांघरुणात शिरून त्याच्या पाठीला पाठ लावून पडलेली सापडली.

"काय करतेस?"

"वाट बघतेय," ती म्हणाली.

आत्यानं माधवबरोबर निरोप पाठवला होता की घरात फोडणी द्यायची नाही, काही तळायचं नाही, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा. मी असलं काही मानत नव्हते. पण मूल तापलेलं असताना न मानण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. निनादनं बिनफोडणीच्या वरणात चमचा फिरवला आणि विचारलं, "वरणाला पण बरं नाही का?"

मुलं लहान असताना आईला घाबरायला सलग वेळ मिळत नाही. भीती कामाच्या फटींतून थोडी थोडी वाटून घ्यावी लागते. दूध उतू जाण्यापूर्वी जरा, कपडे पिळताना जरा. सकाळी मुग्धाची मान आणि पोट उजेडात नेऊन तपासायचं. निनादचा ताप बघायचा. दिवसभर वाचून वाचून घसा बसायचा. आणि सहा वाजले की गॅलरीत जायचं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं. दुसऱ्या मजल्यावरून पुटकुळी दिसत नाही. मी तरी बघायची.

दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायची. त्यात तो भाजी, औषध, कधी पेरू घालायचा. पिशवी वर ओढत मी बोलायला लागायची. सुरुवातीला कामाचंच. ताप किती, जेवला का, झोपला का. मग कधी तरी दुसरं सुरू झालं. मुग्धाच्या वहीतल्या बेरजा, निनादचं वरण, आज वाचलेल्या गोष्टीतला राजा त्याला का आवडला नाही, दुपारी तो पाच मिनिटं झोपला तेव्हा मला किती एकटं वाटलं, लहानपणी मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा माझी आई माझ्याजवळ कशी बसायची. हे सगळं दोन मजले खाली ऐकू जाईल अशा आवाजात. जिनं जन्मभर 'हळू बोला' म्हटलं, ती बाई कठड्यावर पोट टेकून अर्धा अर्धा तास ओरडत होती.

तळमजल्यावरचे लिमयेकाका या वेळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. निवृत्त होते आणि त्यांना ऐकायला उत्तम येत होतं. तिसऱ्या दिवशी ते मान वर न करता म्हणाले, "वहिनी, काल भाजी कुठली केलीत ते नीट कळलं नाही. जरा मोठ्यानं."

माधव खालून म्हणाला, "दोडका होता, काका."

"असं का. मग ठीक. पुढं चालू द्या."

सहाव्या दिवशी मी अशीच बोलत होते. पिशवी अर्ध्यावर आली होती. खाली माधव मान वर करून उभा होता, त्याच्या मागं त्याची स्कूटर. आणि मला जिन्याच्या तोंडातून एक लहान आकृती बाहेर येताना दिसली. फक्त चड्डी, अंगभर पांढरं औषध, दोन्ही हातांत कोपरापर्यंत काळे मोजे.

दाराची कडी मुग्धानं काढली होती. समोरच्या रझियाभाभींची वाटी परत द्यायला.

"अहो, मागं निनाद," मी ओरडले. "मागं व्हा. त्याला शिवू देऊ नका."

माधव वळला. निनाद "बाबा" म्हणत त्याच्याकडे धावला आणि माधव मागं सरकला. स्वतःच्या मुलापासून मागं सरकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मीच त्याला तसं करायला सांगत होते. तो स्कूटरच्या पलीकडे गेला. निनाद अलीकडून पलीकडे. माधव परत अलीकडे. निनादला वाटलं, पकडापकडी चालली आहे. सहा दिवसांत तो पहिल्यांदा खदखदून हसला. लिमयेकाका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मी दोरी हातात धरून होते. सोडली असती तर पिशवी त्यांच्यावर पडली असती. खाली धावत जावं तर तेवढ्या वेळात काय होईल ते दिसणार नव्हतं. म्हणून मी तिथंच उभी राहून नुसतं "नको, नको" म्हणत राहिले. कोणाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग निनाद पडला. गुडघा फुटला. तो रडला नाही. त्यानं तसंच बसून माधवकडे पाहिलं, खेळ थांबून बाबा आता येणारच अशा खात्रीनं. आणि माधव जागचा हलला नाही.

दोन-तीन सेकंद असतील. त्यानंतर निनाद रडायला लागला. गुडघ्यासाठी ते रडणं नव्हतं. मग तो आपला आपण उठला, चालत गेला आणि त्यानं माधवच्या दोन्ही पायांना मिठी मारून तोंड पँटीत खुपसलं. माधवचे हात वर होते, कमरेइतक्या पाण्यात उभं राहिल्यावर धरतात तसे. ते हात हळूहळू खाली आले आणि निनादच्या डोक्यावर टेकले.

रझियाभाभी तोवर जिना उतरून खाली पोचल्या होत्या. त्यांचे यजमान मार्केट यार्डात बटाट्याच्या गाळ्यावर असायचे, पहाटेच निघून जायचे; तीन मुलं त्यांनी जवळजवळ एकटीनं वाढवली होती. त्यांनी निनादला उचललं.

"द्या इकडं. आमच्याकडं तिघांना झाल्यात, मला पण झाल्यात. मला काय होतंय? जा, साबणानं हात धुवा, भाऊजी. आणि तुम्ही वर रडू नका, मुलगी बघतेय."

मी मागं पाहिलं. मुग्धा दारात वाटी धरून उभी होती. "मी कडी लावणार होते," ती म्हणाली. त्यानंतर कित्येक वर्षं, अगदी कॉलेजात जाईपर्यंत, ती बाहेर पडताना कडी दोनदा ओढून बघायची.

डॉक्टर म्हणाले, "लागण झाली असेल तर दोन आठवड्यांनी कळेल. तीनही धरा." म्हणजे आता दोघांची वाट बघायची होती. मुग्धाची घरात आणि माधवची गॅलरीखाली. मुग्धाला येणार हे ठरलेलंच होतं. माधवला येऊ नये, एवढंच मला हवं होतं. दिवसातून किती वेळा, कुठल्या कुठल्या देवाला मी तसं म्हटलं ते सांगत नाही, कारण मी कुठल्याच देवाला म्हणत नसे. रोज संध्याकाळी पिशवी सोडण्याआधी मी विचारायची, "ताप आहे? अंग दुखतंय?"

"अजून तरी नाही," तो म्हणायचा.

दहाव्या दिवशी पाडवा होता. गुढी दरवर्षी माधव बांधायचा. त्या वर्षी मी बांधली. स्टूल, काठी, साडी, माळ, उलटा तांब्या. माधव ऑफिसला सुट्टी म्हणून सकाळीच येऊन खाली उभा होता, तेल लावून न्हालेला, केस चपचपीत. "जरा डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे. तांब्या कलतोय." निनाद स्टूलला मिठी मारून उभा, मुग्धा त्याला धरून. मी कठड्यातून अर्धी बाहेर. लिमयेकाका म्हणाले, "वहिनी, गुढी राहू दे, तुम्ही पडू नका. दोन्ही एकदम उभ्या करता यायच्या नाहीत." पिशवीतून मी खाली श्रीखंडाची वाटी आणि कडुनिंबाची चार पानं सोडली. माधवनं पानं चावली. तोंड वाकडं करण्याऐवजी तो हसत होता. आठवतं मला ते. किती तरी वेळ तो मान वर करून नुसता हसत होता.

"ताप?" मी विचारलं.

"अजून तरी नाही."

निनादच्या खपल्या पडल्या. पंधराव्या दिवशी मुग्धानं मला हाक मारून कानामागची पुटकुळी दाखवली, शाळेतलं बक्षीस दाखवावं तशी. मोजे आता तिच्या हातांत गेले आणि मोजायचं काम निनादकडे आलं. त्याला दहापर्यंतच येत होतं. "दहा आणि खूप," असं तो रोज जाहीर करायचा.

विसाव्या दिवशी सहा वाजले आणि खाली माधव नव्हता. सव्वासहा. साडेसहा. तो कधी उशीर करायचा नाही. आत्याकडे फोन नव्हता. सहाव्या दिवसापासून मोजलं तर बरोबर चौदा दिवस झाले होते. मी गॅलरीत उभी राहून तो आता आत्याच्या खोलीत तापानं पडलेला पाहिला, इस्पितळात पाहिला, टेबलं धरून चालताना पाहिला. सात वाजता लिमयेकाका उठले, खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि वर न बघता म्हणाले, "येईल तो. लकडी पुलावर गर्दी असते." मग ती खुर्ची त्यांनी परत उघडली आणि बसले.

सव्वासातला स्कूटरचा आवाज आला. माधवच्या हातात पुस्तकांचं पुडकं होतं. निनादला राजाची गोष्ट आवडत नव्हती म्हणून तो राजा नसलेल्या गोष्टींची पुस्तकं शोधत आप्पा बळवंत चौकात दुकानं फिरत बसला होता.

"सगळ्यांत राजे आहेत," तो आनंदानं म्हणाला. "तीनच मिळाली."

मी दोरीसकट पिशवी खाली टाकून दिली. आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. बाहेर तो हाका मारत होता, "अगं, दोरी कशी वर पोचवू?" आणि हसत होता. या माणसाला स्वतःच्या जिवाची भीती कशी वाटत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. मला तो धीर वाटला. त्याच्या त्या धीराचं मी पुढं बरीच वर्षं मनातल्या मनात कौतुक केलं.

सव्विसाव्या दिवशी तो वर आला. डॉक्टर म्हणाले होते, इतक्या दिवसांत आल्या नाहीत म्हणजे सुटलात. मुग्धाच्या परीक्षेला चार दिवस होते. मी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, तेव्हा दोन्ही मुलं आवाज ऐकायला स्वयंपाकघरात धावत आली. जेवणं झाली, मुलं झोपली. माधव त्याच्या खुर्चीत बसला, मी माझ्या. बऱ्याच दिवसांत उघडलं नव्हतं ते पुस्तक मी उघडलं. मधे एकदा मी मान वर केली तर तो वर्तमानपत्र मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही," तो म्हणाला.

यानंतर पुष्कळ वर्षं गेली. मुग्धा लग्न होऊन नाशिकला गेली, निनाद परदेशी. लिमयेकाका गेले. रझियाभाभी मुलाकडे कोंढव्याला राहायला गेल्या. आत्या जाऊनही वीस वर्षं होऊन गेली; शेवटपर्यंत तिनं त्या आजाराचं नाव काढलं नाही. निनादच्या गुडघ्यावर खूण राहिली आणि घरात एक गोष्ट राहिली, बाबा स्कूटरभोवती पळाले ती. माधव ती गोष्ट कधी स्वतः सांगायचा नाही. मुलं सांगायला लागली की पाणी प्यायला उठायचा.

गेल्या पावसाळ्यात औषधांनी त्याचे केस गेले. टाळू कोरडी पडायची म्हणून मी दुपारी त्याला खोबरेल लावायची. असंच एकदा तेल लावताना डाव्या कानाच्या वर, पूर्वी दाट केसांनी झाकलेल्या जागी, माझ्या बोटाला एक खळगा लागला. गोल, मसुराएवढा. मी बोट परत मागं नेलं. असला खळगा कशाचा असतो ते मला सांगायला नको. माझ्या भुवईवर एक आहे, मुग्धाच्या कानामागं एक आहे.

"हे काय आहे?" मी विचारलं.

त्याचे डोळे मिटलेले होते. "आत्याला विचार."

"अहो."

"पाडव्याला आत्या अशीच तेल लावत होती. तिचं बोट तिथंच थांबलं. म्हणाली, ही तुझी सगळ्यांत मोठी होती. फोडलीस खाजवून."

"कुठल्या पाडव्याला?"

"त्याच."

मी हिशेब केला. मला वहीची गरज लागली नाही. दहाव्या दिवसापासून सव्विसाव्यापर्यंत सोळा दिवस.

"आणि मी रोज विचारत होते, ताप आहे का."

"हो."

"अजून तरी नाही, म्हणायचात."

"खोटं नव्हतं ते," तो म्हणाला.

"वर का नाही आलात?"

त्यानं डोळे उघडले. बोलायला त्याला आता वेळ लागायचा. "तू बोलत होतीस," तो म्हणाला. "लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इतकं कधी बोलली नव्हतीस. वर आलो असतो तर तू पुस्तक उघडलं असतंस. रोज ठरवायचो, आज सांगू. तू गॅलरीत आलीस की म्हणायचो, उद्या."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. हात धुतले. स्वयंपाकघरात जाऊन दोडके चिरायला घेतले. सोळा दिवस मी दोन आजारी मुलांबरोबर एकटी होते. सोळा दिवस मी या माणसाला मनात तापानं पडलेला बघत होते, आणि हा खाली कडुनिंबाची पानं चावत, तेल लावलेल्या डोक्यानं माझं बोलणं ऐकत उभा होता. त्या विसाव्या दिवसाचा सव्वा तास मला आठवला. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाही. त्याच्याकडे तेव्हा किती थोड्या संध्याकाळी उरल्या होत्या, आणि जी गोष्ट त्याला इतकी वर्षं सलत होती नेमकी तीच, माझं गप्प राहणं, मी त्याला परत दिली. हे मी आज लिहिते आहे. कोणाला सांगितलेलं नाही. मुलांनाही नाही.

दिवेलागणीला आतून आवाज आला. "आज भाजी कुठली?"

"दोडका," मी म्हणाले.

"जरा मोठ्यानं."

मी दारात जाऊन उभी राहिले. तो लिमयेकाकांसारखी मान खाली घालून पडला होता आणि हसू दाबत होता. मला हसू आलं नाही. पण मी पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि बोलायला सुरुवात केली. आधी भांडले. सगळं भांडण झाल्यावर मग दुसरं बोलले. त्यानंतर रोज बोलत होते, कार्तिकापर्यंत. माझा राग तेवढ्यात संपला असं नाही. त्यातला बराच अजून माझ्याकडे आहे. तो संपवायला समोर माणूस लागतो.

आज सहा वाजता मी ओट्यावरची डहाळी उचलली आणि गॅलरीत गेले. पाडवा परवा आहे. यंदा काठी धुतलेली नाही, साडी काढलेली नाही. कठड्याला नुसती डहाळी बांधावी की नाही, हे मला ठरवता येईना. खाली अंगणात गाड्या लावलेल्या असतात, एका माणसाला मान वर करून उभं राहायला जागा नाही. मी तरी जिथं स्कूटर असायची तिकडे बघून, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणाले, "भाजी दोडक्याचीच केली आहे."

दोन गाड्यांच्या मधून लिमयेकाकांची सून चालली होती. तीही आता साठीची आहे. तिनं थांबून वर पाहिलं.

"काकू, मला काही म्हणालात?"

नाही म्हणून आत जाता आलं असतं. मी कठड्यावर पोट टेकलं.

"दोडका," मी मोठ्यानं म्हणाले. "आज दोडका केलाय."

ती हातातली पिशवी सावरून तिथंच उभी राहिली, मान वर करून. म्हणून मग मी पुढचंही सांगायला लागले.